ओले मैदान, अनवाणी पाय

एप्रिल 2024 मध्ये ईदच्या मुहूर्तावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला. अजय देवगण यांनी त्यात सय्यद अब्दुल रहीम या हैदराबादच्या फुटबॉल प्रशिक्षकाची भूमिका केली. अनेक प्रेक्षकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकले. बीड जिल्ह्यातल्या वाचकांना मात्र ते फारसे परके वाटायला नको. सप्टेंबर 1948 पर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातला. उच्च शिक्षणासाठी इथली मुले ज्या उस्मानिया विद्यापीठात जात, त्याच विद्यापीठातून रहीमसाहेब पदवीधर झाले. पेशाने ते शिक्षक होते. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या राजधानीतल्या एका मास्तरांची ही गोष्ट आहे.

चित्रपटात त्यांचे विजय दिसतात. पण त्यांच्या पिढीच्या खेळाडूंना एका प्रतिस्पर्ध्याने फार दमवले होते. तो कुठल्या देशाचा नव्हता. तो होता पाऊस आणि पावसाने ओले झालेले मैदान. आपल्याकडचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत, आणि ओल्या मैदानावर अनवाणी पायाचे काही चालत नसे.

मैदानाचा वापसा

पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच शेतात शिरत नाही. तो वापशाची वाट पाहतो. माती फार ओली नको, फार कोरडीही नको; पाऊल टाकले तर रुतू नये आणि ढेकूळ हाताने फुटावे. फुटबॉलच्या मैदानालाही हाच वापसा लागतो. थोड्या ओलाव्याने धूळ बसते, चेंडू सरसर पळतो, पडले तरी कातडी सोलत नाही. त्यापेक्षा जास्त पाऊस झाला की खेळाचे गणित बदलते.

बीडच्या काळ्या मातीत खेळलेल्यांना हे सांगायला नको. ही माती पाणी पिऊन फुगते आणि तळव्याला चिकटते. दहा पावले धावले की प्रत्येक पायाला अर्धा-एक किलोचा गोळा. मुरूम टाकलेल्या शाळेच्या मैदानावर चिकटण्याचा त्रास कमी, पण तिथे पाय घसरतो. दोन्हीकडे मैदानाचा मधला भाग आणि गोलसमोरची जागा आधी खराब होते, कारण सर्वांत जास्त पाय तिथेच पडतात. कडेला थोडे गवत शिल्लक असते. म्हणून जुने जाणते खेळाडू पावसात चेंडू मधून न नेता कडेने नेतात. जमिनीलगतचा पास डबक्यात अडकतो, म्हणून चेंडू थोडा उचलून मारतात. गोलरक्षक चेंडू झेलण्याच्या फंदात न पडता मुठीने बाहेर ढकलतो. मैदान खेळण्याजोगे आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पंचाचा. तो चेंडू जमिनीवर टाकून पाहतो. चेंडू उसळलाच नाही, पाण्यात थबकून बसला, तर सामना पुढे ढकलला जातो.

आजचा चेंडू कृत्रिम आवरणाचा असतो, तो पाणी फारसे शोषत नाही. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी चेंडू चामड्याचा होता आणि त्याला बुटासारखी नाडी असे. नियमाप्रमाणे सामना सुरू होताना चेंडूचे वजन 410 ते 450 ग्रॅम असावे लागते. तेव्हाचा चामडी चेंडू पावसात पाणी पिऊन उत्तरार्धापर्यंत चांगलाच जड होई. असा भिजलेला चेंडू डोक्याने मारायचा आणि तोच उघड्या पायाने लाथाडायचा. समोर घोट्यापर्यंत चामड्याचे बूट चढवलेला गोरा शिपाई. त्याच्या तळाला ठोकलेले स्टड चिखलात रुतून पकड घेत. अनवाणी खेळाडूला मात्र बोटांच्या जोरावर उभे राहावे लागे. कोरड्या गवतावर तीच बोटे चेंडूशी अशी खेळत की बूटवाल्याला जमू नये. चिखलात त्यांचा उपयोग संपे. वर कुणाचा बूट पायावर पडला तर वेगळेच.

मग बूट का घालत नसत? काहींना परवडत नसत. ज्यांना परवडत, त्यांना सवय नसे. लहानपणापासून ज्या पायाला चेंडूचा स्पर्श कळत आला, त्यावर जड चामडे चढवले की तो पाय मुका झाल्यासारखा वाटे. शिवाय अनवाणी खेळून गोऱ्यांना हरवण्यात एक अभिमानही होता.

कोलकात्याचे दिवस

या अभिमानाची सुरुवात 29 जुलै 1911 या दिवसापासून धरतात. कोलकात्यात आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवले. ब्रिटिश फौजी संघाला हरवून ही ढाल जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. अकरापैकी दहा जण अनवाणी होते. बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जी यांच्या पायात. हे सगळे हौशी खेळाडू. कुणी नोकरी करणारा, कुणी शिकणारा, कुणी शिकवणारा. फुटबॉलने कुणाची चूल पेटत नव्हती.

पण कोलकात्याचा फुटबॉल हंगाम म्हणजे ऐन पावसाळा. त्या विजयानंतरही दरवर्षी तेच होई. कोरड्या दिवशी भारतीय संघ बरोबरीने लढत आणि मुसळधार पावसात बूटवाल्यांपुढे हतबल होत. कोलकाता लीगचे विजेतेपद वर्षानुवर्षे युरोपीय संघांकडेच राहिले. आकाशात ढग दिसले की भारतीय प्रेक्षकांच्या पोटात गोळा येई.

ही कोंडी मोहम्मडन स्पोर्टिंग या क्लबने फोडली. 1891 मध्ये स्थापन झालेला हा क्लब 1934 साली पहिल्यांदा लीगच्या वरच्या गटात आला आणि त्याच वर्षी विजेता ठरला. कोलकाता लीग जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. त्यानंतर 1938 पर्यंत सलग पाच वर्षे हे विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले. 1936 मध्ये त्यांनी शील्डही जिंकली. यामागे बरीच कारणे होती. त्यांनी देशभरातून खेळाडू गोळा केले, त्यांना एकत्र घोटवले. पण एक निर्णय अगदी साधा होता आणि तो पावसाशी संबंधित होता. मैदान ओले असेल त्या दिवशी आपल्या खेळाडूंनी हलके बूट घालायचे, असे क्लबने ठरवले. त्यासाठी सरावही करून घेतला. कोरड्या मैदानावर ज्याला जसे जमेल तसे खेळू द्यायचे. अभिमान सोडायचा नाही, पण पावसाशी हट्टही करायचा नाही.

याच काळातली दुसरी गोष्ट उलट टोकाची आहे. 1936 मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम हा खेळाडू स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला गेला आणि सेल्टिक या नामवंत क्लबच्या दुसऱ्या फळीकडून दोन सामने खेळला. पायात बूट नव्हते. पायांना फक्त पट्ट्या गुंडाळलेल्या. त्याच्या पायाला सेल्टिकचे जिमी मॅकमेनेमी पट्टी बांधत आहेत, असे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. क्लबला त्याने राहावे असे वाटत होते. पण त्याला घरची ओढ लागली आणि तो परतला. एकाने बूट स्वीकारले, एकाने पट्ट्यांवर भागवले. दोघांपुढचा प्रश्न एकच होता.

त्या काळी संघ जातिधर्माच्या नावाने ओळखले जात, हेही लक्षात ठेवायला हवे. मुंबईत क्रिकेटची पंचरंगी स्पर्धा अशीच हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर अशा संघांत होई; ती 1946 नंतर बंद झाली. देश बदलत होता, तसे खेळही बदलत होते. धर्माच्या नावाने उतरणारे संघ मागे पडत होते आणि पोलीस, रेल्वे, कारखाने यांच्या नावाने उतरणारे संघ पुढे येत होते.

कूपरेजवर हैदराबादचे पोलीस

मुंबईच्या रोव्हर्स चषकाची सुरुवात 1891 सालची. कूपरेजच्या मैदानावर रंगणाऱ्या या स्पर्धेत सुरुवातीची पंचेचाळीस वर्षे विजेता ठरे तो ब्रिटिश फौजेचाच एखादा संघ. 1923 मध्ये मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून 4-1 असा हरला. 1937 मध्ये अखेर बेंगळूरच्या ‘बंगलोर मुस्लिम्स’ संघाने हा चषक जिंकला. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर होता मोहम्मडन स्पोर्टिंग.

स्वातंत्र्यानंतर या चषकावर आपल्या जुन्या राज्याने हक्क सांगितला. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने जिंकला. या संघाची घडण रहीमसाहेबांच्या हाती होती. खेळाडू पोलीस खात्यात नोकरीला. दिवसा खाकी वर्दी, सकाळ-संध्याकाळ सराव. त्यांना घडवणारे शाळेतले मास्तर. म्हणजे आजच्या भाषेत हौशी संघच.

रहीमसाहेबांची शिकवण्याची पद्धत मास्तरांचीच होती. ज्या पायाने खेळायची सवय नाही, फक्त त्याच पायाने चेंडू मारायचा, अशा स्पर्धा ते भरवत. चेंडू पायात घोळवत बसायचे नाही, लगेच सोबत्याला द्यायचा, यावर त्यांचा भर असे. त्यांनी हे पावसासाठी केले असे म्हणता येणार नाही. पण ओल्या मैदानावर नेमके हेच कामाला येते. चिखलात एकटा खेळाडू तिघांना चकवू शकत नाही. पहिल्याच वळणावर तो घसरतो. तिथे तरतो तो संघ, ज्याचे खेळाडू दोन्ही पायांनी मारतात, चेंडू लवकर सोडतात आणि सोबती कुठे उभा आहे हे न पाहता ओळखतात.

एक सामना रमजानमधला, एक हेलसिंकीचा

31 जुलै 1948. लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध मैदानात उतरला. रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू होते. हैदराबाद संस्थान अजून भारतात आले नव्हते. त्याला दीड महिना बाकी होता. इकडे बीडमध्ये धास्तीचे दिवस होते आणि तिकडे इल्फर्डच्या मैदानावर भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी उभे होते. प्रेक्षक थक्क झाले. भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या, तरी सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने गोल करून सामना 2-1 असा जिंकला. हरूनही या संघाचे कौतुक झाले. उन्हाळ्यातल्या त्या दिवशी अनवाणी पायांनी त्यांना दगा दिला नव्हता.

चार वर्षांनी तो भ्रम उतरला. 15 जुलै 1952 रोजी हेलसिंकीच्या थंड हवेत भारत युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा हरला. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी केला. प्रशिक्षक रहीमसाहेबच होते. युरोपातल्या तशा हवेत उघडी बोटे किती साथ देणार, याचे उत्तर फलकावरच लिहिले गेले. 1950 चा विश्वचषक भारताने अनवाणी खेळू दिले नाही म्हणून सोडला, अशी गोष्ट आजही सांगितली जाते. ती खरी कारणे फारच सोपी करून सांगते. हेलसिंकीची गोष्ट मात्र अगदी सरळ आहे. त्या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट घालणे सक्तीचे केले.

1956 मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांचा संघ बूट घालून उतरला. यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांनी 4-2 असे हरवले. त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांचे तीन गोल होते. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. उत्तरार्धाच्या सुरुवातीला पहिला गोल डिसोझा यांनीच केला. शेवटी भारत 4-1 असा हरला आणि स्पर्धेत चौथा आला. चार वर्षांपूर्वीचे दहा गोल आता चारवर आले होते. सगळे श्रेय बुटांना देता येत नाही. खेळाची पद्धतही बदलली होती. पण बुटांशिवाय ती पद्धत परदेशी मैदानांवर उभी राहिली नसती.

1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या संघात मूळचे गोव्याचे फॉर्च्युनॅतो फ्रँको होते, पंजाबचे जर्नेल सिंग होते, बंगालचे चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी होते, सिकंदराबादचे तुलसीदास बलराम होते, हैदराबादचे युसूफ खान होते, गोलमध्ये पीटर थंगराज होते. एकेका नावाचा उच्चार केला तरी देशाचा नकाशा फिरून होतो. पुढच्याच वर्षी, 11 जून 1963 रोजी, रहीमसाहेबांचे कर्करोगाने निधन झाले.

बर्नचा पाऊस

ओल्या मैदानावरचा जगातला सर्वांत प्रसिद्ध सामनाही अशाच नोकरी-धंदा सांभाळणाऱ्यांच्या संघाने जिंकला आहे. 4 जुलै 1954, स्वित्झर्लंडमधले बर्न शहर, विश्वचषकाचा अंतिम सामना. एका बाजूला हंगेरी. हा संघ 1950 पासून हरलेला नव्हता. हेलसिंकीत भारताला दहा गोल मारणाऱ्या युगोस्लाव्हियाला हरवून त्यांनीच ऑलिंपिक सुवर्ण घेतले होते. दुसऱ्या बाजूला पश्चिम जर्मनी. तिथे 1963 पर्यंत देशव्यापी व्यावसायिक लीगच नव्हती. बरेच खेळाडू दुसरी कामे सांभाळून खेळत. गटातल्या सामन्यात हंगेरीने याच जर्मनांना 8-3 असे लोळवले होते.

अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस लागला. जर्मन कर्णधार फ्रिट्झ वॉल्टर यांना युद्धकाळात हिवताप झाला होता. कडक उन्हात त्यांचा खेळ पडे आणि पावसात खुले. जर्मनीत आजही भरून आलेल्या आभाळाला ‘फ्रिट्झ वॉल्टरची हवा’ म्हणतात. पहिल्या आठ मिनिटांतच हंगेरीने दोन गोल केले. अठराव्या मिनिटापर्यंत जर्मनांनी दोन्ही फेडले. मैदान भिजत गेले. जर्मन खेळाडूंच्या पायात आडी डास्लर यांनी बनवलेले बूट होते. ‘आदिदास’ हे नाव याच माणसावरून पडले. या बुटांचे स्टड फिरवून काढता आणि बदलता येत. चिखलासाठी त्यांनी लांब स्टड बसवले. 84 व्या मिनिटाला हेल्मुट राहन यांनी तिसरा गोल केला आणि विश्वचषक जर्मनीला मिळाला.

कोलकात्यात 1934 मध्ये जे एका क्लबला कळले होते, तेच वीस वर्षांनी बर्नमध्ये साऱ्या जगाला कळले. पाऊस दोन्ही संघांवर सारखाच पडतो. पण त्याची तयारी दोघांची सारखी नसते.

ओठांवर पाऊस, घोट नाही

चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 1948 मध्ये तो पावसाळ्यात होता. 1980 च्या सुमारास पुन्हा आला. 2012 ते 2016 या वर्षांत आपल्यापैकी अनेकांनी जून, जुलै आणि ऑगस्टचे रोजे धरले. आता तो थंडीकडे निघाला आहे. पावसाळ्यातला रमजान पुन्हा 2040 च्या दशकात येईल.

पावसात रोजा धरून खेळणे हा वेगळाच अनुभव असतो. आभाळ अंगावर कोसळत असते, ओठ भिजलेले असतात, आणि तरीही मगरिबच्या अजानपर्यंत एक घोट घ्यायचा नसतो. तहान उन्हाळ्याएवढी जाळत नाही, पण चिखलातून पाय उपसताना अंगातली ताकद दुपटीने खर्च होते. म्हणून बरेच हौशी खेळाडू या महिन्यात इफ्तारच्या थोडे आधी हलका सराव करतात किंवा तरावीहच्या नमाजनंतर रात्री खेळतात. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. त्यामुळे मोठ्या स्पर्धांत कुणी रोजा ठेवतो, कुणी पुढे ढकलतो. दोन्ही निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकाचे.

30 जून 2014 रोजी ब्राझीलमध्ये विश्वचषकाच्या बाद फेरीत अल्जीरियाने जर्मनीला जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि 2-1 असा पराभव पत्करला. तो सामना रमजानमध्येच झाला. 2018 मध्ये ट्युनिशियाचे गोलरक्षक मुएझ हसन यांनी पोर्तुगाल आणि तुर्कस्तानविरुद्धच्या सराव सामन्यांत सूर्य मावळताच दुखापतीचे निमित्त करून अंग टाकले. तेवढ्या वेळात त्यांच्या सोबत्यांनी कडेला धावत जाऊन खजूर आणि पाणी घेतले. दोन्ही सामने 2-2 असे बरोबरीत सुटले, आणि जगभरचे प्रेक्षक हसले.

इंग्लंडमध्ये मग असे निमित्त शोधण्याची गरज उरली नाही. 26 एप्रिल 2021 रोजी लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात सुमारे अर्ध्या तासाने पॅलेसचे गोलरक्षक व्हिसेंते ग्वाइता यांनी गोलकिक मुद्दाम थांबवून धरली. तेवढ्या क्षणात लेस्टरचे वेस्ली फोफाना आणि पॅलेसचे शेखू कुयाते यांनी रोजा सोडला. हे दोन्ही संघांनी आधीच ठरवले होते. एका बाजूचा एक आणि दुसऱ्या बाजूचा एक रोजेदार, आणि त्यांच्यासाठी थांबलेला गोलरक्षक स्वतः मुस्लिम नव्हता. थांबायला मिनिटभरही लागले नाही. खेळाचे काही बिघडले नाही.

बुटांचा हिस्सा

बीड जिल्ह्यात फुटबॉल हा मुख्य खेळ नाही. इथे क्रिकेट आहे, कबड्डी आहे, खो-खो आहे. कोल्हापूरसारखी तालमींची आणि पेठांची फुटबॉल परंपरा आपल्याकडे नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे दरवर्षी ऊसतोडीला ज्या भागांत जातात, त्यांत हे फुटबॉलवेडे कोल्हापूरही आहे. फडावरच्या कुटुंबांबरोबर गेलेली पोरे तिथे पेठापेठांचे झेंडे आणि गोलचा जल्लोष पाहून येतात. परत आल्यावर गावच्या शाळेच्या मैदानावर दोन दगड मांडून गोल तयार होतो. त्यांच्याबरोबर गावातले मोठेही उतरतात. कुणी दुकानातून सुटून आलेला, कुणी रिक्षा कडेला लावून, कुणी शाळा सुटल्यावर आलेला गुरुजी.

जिथे पाऊस दुर्मिळ, तिथे ओल्या मैदानाचे अप्रूप मोठे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की खेळणाऱ्यांचे पाय घरात ठरत नाहीत. तिथे नीट पाहिले तर 1911 चे चित्र अजून पुसलेले नाही, हे दिसते. चार-पाच जणांच्या पायात स्टडचे बूट असतात, काहींच्या पायात साधे कॅनव्हास, काहींच्या पायात काहीच नसते. कोरड्या दिवशी हा फरक जाणवत नाही. चिखल झाला की लगेच कळते, कोण उभा राहतो आणि कोण पडतो. पडणाऱ्याला वाटते, आपल्याला खेळता येत नाही. खरे तर त्याला बूट नसतात.

रोजा सगळ्यांना एकसारखी भूक देतो, असे रमजानबद्दल बोलताना म्हणतात. ते खरे आहे, पण अर्धेच. दिवसाची भूक सारखी असली तरी संध्याकाळचे ताट सारखे नसते. म्हणून याच महिन्यात जकातीचा हिशेब होतो, शिल्लक मालमत्तेचा अडीच टक्के भाग काढला जातो, आणि ईदच्या नमाजपूर्वी फित्रा दिला जातो. ईदच्या दिवशी कुणाच्या घरी चूल थंड राहू नये, एवढाच त्यामागचा साधा हेतू. दिवाळीला घरकामाच्या बाईला साडी देणाऱ्या, पोळ्याला सालगड्याला कपडे करणाऱ्या घरांना ही भावना सांगायला नको.

मैदानावरही असाच हिशेब करता येतो. 1934 मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगने पावसासाठी बूट वापरायचे ठरवले, तेव्हा तो निर्णय एकेका खेळाडूच्या खिशावर सोडला नाही. निर्णय क्लबचा होता, सराव संघाचा होता. गावोगावच्या हौशी संघांनी वेगवेगळ्या मापांचे चार-सहा जोड वर्गणीतून घेऊन सामायिक ठेवले, तर पावसात ज्याला गरज असेल तो ते घालील. मोठ्यांच्या संघाने हे सुरू केले की मागे उभी असलेली पोरे ते पाहतात. पाय वाढले म्हणून लहान झालेले बूट धाकट्याला देण्याची रीत घराघरात आहेच. ती मैदानापर्यंत आणायची एवढेच. ईदला पोरांना कपडे आणि चप्पल घेताना कुणी एखादा जोड स्टडच्या बुटांचाही घेतला, तर तो काही वायफळ खर्च ठरणार नाही.

बीडच्या काळ्या मातीचा स्वभाव बदलणार नाही. ती फुगेल, चिकटेल, पाय धरून ठेवील. पाऊसही आपल्या लहरीने येईल आणि जाईल. पंच चेंडू जमिनीवर टाकून पाहील. तो थोडा तरी उसळला तर सामना होईल. तेव्हा मैदानात उतरणाऱ्या बावीस जणांना एकसारखे उभे राहता आले, तर कोण जिंकला हे खेळ ठरवील. पाऊस नाही ठरवणार.